धैवत

शांतवन पाटोळे, एसी मेकॅनिक,
खोली नंबर नऊ, वादी कबीर, मस्कत.
दिवसभर लोकांच्या भिंतींना गारवा लावतो
आणि रात्री गच्चीत घामानं निथळत पेटी काढतो.

मी त्याचा खोलीसोबती. स्टोअरकीपर.
देवाचं मला फारसं कळत नाही, मोजता मात्र येतं,
म्हणून त्याचा हिशेब माझ्याकडे.
मेमरी कार्डं भरली दोनशे,
विकली एकतीस,
फुकट गेली एकशे बारा,
उरलेली माझ्या पलंगाखाली, नटबोल्टच्या डब्यात.

पेटी रुवीतल्या मलबारी दुकानातली, तिसऱ्या हाताची.
इथल्या दमट हवेत तिचा धैवत चिकटला.
दाबला की वर येत नाही,
आलाच तर म्हाताऱ्यासारखा कण्हतो.
दुरुस्तीचे बारा रियाल सांगितले.
बारा रियालात शेवगावला धाकटीची परीक्षा फी निघते.
शांतवननं धैवतच सोडून दिला.
चाली अशा बांधल्या की गाणं पंचमापाशी यायचं,
जरा थांबायचं,
आणि उडी मारून निषादावर.

ऐकणाऱ्यांना वाटलं, ही याची खासियत.
सोहारहून कुणी निरोप धाडला:
दादा, तुम्ही थांबता ना, तिथं रडू येतं.
हा हसला. म्हणाला,
बारा रियालची जागा आहे ती.

शुक्रवारी दुपारी हॉल मिळतो.
तेलुगू मंडळी उठली की मराठी,
खुर्च्या अजून त्यांच्या अंगानं कोमट.
वीस-बावीस माणसं. नर्सा, ड्रायव्हर, मिरजेचा एक कंपाउंडर.
आणि कुंडलिक सुतार,
जो ख्रिस्ती नाही, गावाकडची चाल ऐकायला येतो
आणि प्रार्थनेच्या वेळी
बाहेर जाऊन सगळ्यांच्या चपला नीट लावतो.

शांतवन आईची जात्यावरची चाल घेतो
आणि तिच्यात येशूला बसवतो,
पाव्हण्याला घोंगडीवर बसवावं तसा.
*वल्हं माझ्या हाती, पाणी तुझ्या हाती.*
शेवगावात बोट कुठली?
पहिली बोट त्यानं मत्रहच्या धक्क्यावर बघितली, बत्तिसाव्या वर्षी,
आणि त्याच रात्री ही ओळ लिहिली
कॉम्प्रेसरच्या बिलामागं.

मग ऑगस्टातली ती रात्र.
दोनला फोन. सलालाहून.
माणूस म्हणाला, नाव राहू द्या, तुमचा ऐकणारा आहे.
बाळ सातव्या महिन्यातच आलंय. काचेत ठेवलंय.
सिस्टर म्हणतात, तीन मिनिटं फोन धरते जवळ.
ती बोटीची ओळ म्हणाल का?

खोलीत सात जण झोपलेले.
शांतवन जिन्यात गेला. मी तिथंच होतो, सिगारेट विझवत.
तो बनियनवर पायरीला टेकला,
फोन ओठांशी धरला,
आणि इतका हळू गायला
की खालच्या मजल्यावरचा फ्रिज त्याच्याहून मोठ्यानं वाजत होता.

पंचमापाशी आला.
मी थांबलो, सवयीनं.
तो थांबला नाही.

पेटी वर गच्चीत, फडक्यात.
धैवत लागला.
सरळ, लांब, काही न कण्हता,
आणि मला आत्ता कुठं कळलं
की चालीत तो पहिल्यापासून होता.

फोन बंद झाला.
त्या नंबरवरून पुन्हा काही आलं नाही.
पंधरा दिवसांनी मी म्हणालो, आपण लावून बघू?
तो म्हणाला, नको रे.
पण अजूनही झोपताना फोन चार्जिंगला लावून
उशाशी ठेवतो, आवाज पूर्ण चढवून,
आणि पहाटे कुणाचा गजर झाला
की सगळ्यात आधी तो उठून बसतो.

पुढच्या शुक्रवारी पेटी होती.
पंचमापाशी तो थांबला, नेहमीसारखा.
दाराशी कुंडलिकनं मान हलवली.

मी रजिस्टर उघडलं. जावक.
सलाला, तीन मिनिटं.
दराचा रकाना कोरा ठेवला.